हिमगुहेचे छायाचित्र

दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशातील एका हिमगुहेचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. गुहेच्या आत उभे राहून बाहेर पाहावे, तसे ते घेतलेले आहे. दोन्ही बाजूंना बर्फाच्या वळणदार भिंती आहेत. वरून बर्फाची लोलके लोंबत आहेत. गुहेच्या मुखाशी दोन माणसे उभी आहेत, पण ती केवळ काळ्या आकृतींसारखी दिसतात. त्यांच्या पलीकडे गोठलेल्या समुद्राचा पांढरा पट्टा आहे आणि त्याच्या कडेला तीन डोलकाठ्यांचे एक जहाज, एखाद्या खेळण्याएवढे लहान, उभे आहे. जहाजाचे नाव टेरा नोव्हा. दोन माणसांपैकी एक टेलर नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ आणि दुसरा राइट नावाचा पदार्थविज्ञानाचा अभ्यासक. चित्रावर ५ जानेवारी १९११ ही तारीख आहे. ज्या छायाचित्रकाराने हे दृश्य टिपले, त्याचे नाव हर्बर्ट पाँटिंग.

हर्बर्ट जॉर्ज पाँटिंग याचा जन्म २१ मार्च १८७० रोजी इंग्लंडमधील सॉल्झबरी या गावी झाला. त्याचे वडील बँकेच्या व्यवसायात यश मिळवलेले गृहस्थ होते. मुलानेही त्याच मार्गाने जावे, अशी घरच्यांची अपेक्षा असल्यास नवल नव्हते. त्याप्रमाणे अठराव्या वर्षी हर्बर्ट लिव्हरपूल येथील एका बँकेत दाखल झाला आणि तेथे त्याने सुमारे चार वर्षे काढली. परंतु जमाखर्चाच्या वह्यांत त्याचे मन रमेना. त्याने नोकरी सोडली, समुद्र ओलांडला आणि तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया प्रांतात जाऊन पोहोचला. तेथे त्याने फळबाग केली, खाणीच्या धंद्यात पैसा घातला. पण दोन्हींत त्याला अपयशच आले. १८९५ साली त्याचा विवाह झाला. पुढे त्याला एक मुलगी व एक मुलगा झाला.

छायाचित्रण ही प्रारंभी त्याची केवळ हौस होती. तिशीच्या उंबरठ्यावर मात्र त्या हौसेचा व्यवसाय झाला. त्या काळी दोन भिंगांच्या यंत्राने एकाच दृश्याची दोन चित्रे घेत आणि ती शेजारी शेजारी चिकटवून एका खास चष्म्यातून पाहत. मग दृश्यातील जवळची वस्तू जवळ आणि दूरची दूर दिसे. अशा चित्रांना घरोघरी मागणी होती. ती घेण्यासाठी पाँटिंग पूर्वेकडे निघाला. जपान हा देश तर त्याला इतका आवडला, की तो तेथे पुन्हा पुन्हा गेला. १९०४-०५ मध्ये रशिया व जपान यांच्यात युद्ध झाले, तेव्हा तो जपानी सैन्याबरोबर राहून अमेरिकन नियतकालिकांना चित्रे पाठवीत होता. चीन, ब्रह्मदेश, जावा आणि हिंदुस्थान हे देशही त्याने पाहिले. जपानवरील त्याचा ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला.

या भ्रमंतीची किंमत त्याच्या घराने मोजली. पत्नी व मुले यांना कॅलिफोर्नियात ठेवून तो निघून गेला तो कायमचाच. त्यांच्याबरोबर त्याने पुन्हा संसार केला नाही. कलावंताने संसारात गुंतू नये, असे त्याचे मत झाले होते. ज्यांना मागे राहावे लागले, त्यांना ते मत कसे वाटले असेल, हे सांगावयास नकोच. पाँटिंगच्या चित्रांचे कौतुक करताना ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये कॅप्टन रॉबर्ट स्कॉट दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेची तयारी करीत होता. पूर्वीच्या मोहिमांतूनही छायाचित्रे घेतली गेली होती, पण ती सवड मिळेल तशी, मोहिमेतल्याच कोणी हौशी माणसाने घेतलेली. या वेळी केवळ छायाचित्रणाचेच काम करणारा कसलेला माणूस बरोबर असावा, असे स्कॉटने ठरवले आणि पाँटिंगची निवड केली. अंटार्क्टिका खंडावर गेलेला पहिला व्यावसायिक छायाचित्रकार असे त्याला म्हणतात ते यामुळेच. तेव्हा त्याचे वय चाळीस वर्षांचे होते. काचेच्या पट्ट्यांवर चित्रे घेणारे कॅमेरे त्याने बरोबर घेतलेच, शिवाय हलती चित्रे टिपणारी यंत्रेही घेतली.

१९१० च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस टेरा नोव्हाने न्यूझीलंडचा किनारा सोडला. दोनतीन दिवसांतच एका भयंकर वादळाने जहाजाला गाठले. जहाजात पाणी शिरले, पंप तुंबले, खलाशी आणि शास्त्रज्ञ बादल्यांनी पाणी उपसू लागले. पाँटिंगला समुद्र लागत असे. तरीही घेतलेली चित्रे धुण्याचे काम त्याने थांबवले नाही. एका हातात रसायनाची बशी आणि दुसऱ्या हातात ओकारीसाठी भांडे, अशा अवस्थेत तो काम करीत होता, असे स्कॉटने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे.

४ जानेवारी १९११ रोजी जहाज रॉस बेटावरील एका भूशिराजवळ पोहोचले. स्कॉटने त्याला आपल्या सहकाऱ्याच्या नावावरून केप इव्हान्स हे नाव दिले. सामान उतरवण्याचे काम सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी पाँटिंगवर मोठा प्रसंग आला. बर्फाच्या कडेशी सहासात किलर व्हेल, म्हणजे शिकारी जातीचे देवमासे, फिरताना दिसले. त्यांचे चित्र जवळून घ्यावे म्हणून कॅमेरा घेऊन तो कडेकडे धावला. तोच मासे पाण्याखाली गेले आणि पाठीच्या धडकांनी त्यांनी खालून बर्फ फोडण्यास आरंभ केला. दोन-अडीच फूट जाडीचे ते बर्फ. पण पायांखाली त्याचे तुकडे तुकडे झाले. पाँटिंग हेलकावणाऱ्या तुकड्यांवरून उड्या मारीत कसाबसा सुरक्षित जागी पोहोचला. मागे वळून पाहतो, तो त्या अवाढव्य माशांची डोकी भेगांतून उभीच्या उभी वर आलेली! शेजारी बांधलेली दोन कुत्रीही दैवयोगाने बचावली.

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. पाँटिंगच्या उत्साहात मात्र खंड पडला नाही. जहाजापासून सुमारे मैलभर अंतरावर काही हिमनग समुद्राच्या गोठलेल्या पृष्ठभागात अडकून उभे होते. त्यांपैकी एकात त्याला ती गुहा सापडली.

हिमनगात गुहा कशी होते, हे येथे समजून घेतले पाहिजे. डोंगरावर वर्षानुवर्षे पडलेला हिम स्वतःच्या भाराने दाबला जातो, त्याचे घट्ट बर्फ होते आणि ते उताराने अतिशय मंद गतीने खाली सरकू लागते. हीच हिमनदी. वाहताना तिच्या अंगावर खोल भेगा पडतात. समुद्राशी पोहोचल्यावर तिच्या टोकाचे तुकडे सुटतात आणि हिमनग होऊन तरंगू लागतात. हा हिमनगही असाच तुटून आलेला होता आणि पाण्यात एका अंगाला कलला होता. पूर्वी जी उभी भेग होती, ती त्यामुळे आडवी पडून तिची गुहा झाली. थेंबथेंब गळणारे पाणी तिच्या तोंडाशी गोठून लोलके तयार झाली. प्रकाशातील तांबडा रंग बर्फ शोषून घेते आणि निळा पुढे जाऊ देते, म्हणून आतल्या भिंती निळ्या दिसत होत्या. स्कॉटही ती गुहा पाहून आला. मागच्या फटीतून दिसणारे आकाश त्याला गडद जांभळे भासले. तो रंग खरा की डोळ्यांचा भ्रम, असा त्यालाच प्रश्न पडला.

पाँटिंगच्या पट्टीवर यांपैकी एकही रंग उमटणार नव्हता. त्या पट्टीला फक्त काळे आणि पांढरे कळत होते. म्हणून त्याने रंगांचा नाद सोडला आणि आकारांकडे लक्ष दिले. गुहेच्या काळोख्या कडांची त्याने चौकट केली. त्या चौकटीत दूरचे जहाज नेमके बसेल अशी जागा शोधली. गुहेची उंची पाहणाऱ्याला कळावी म्हणून टेलर व राइट यांना मुखाशी उभे केले. जहाज तेथे फार दिवस थांबणार नव्हते. सामान उतरताच ते दुसरीकडे जाणार होते. ज्या बर्फावरून चालत तो तेथवर आला, तेही उन्हाळा सरण्यापूर्वी फुटून समुद्रात जाण्याचा संभव होता. अशा जागी उद्या पुन्हा येऊ, असे म्हणता येत नसते.

या प्रकारच्या कामात माणसे फार खोळंबत. पाँटिंग सांगे, इकडे सरका, हात जरा वर धरा, हलू नका. आणि बोचऱ्या थंडीत बिचारे सहकारी पुतळ्यासारखे उभे राहत. टेलर विनोदी स्वभावाचा होता. पाँटिंगच्या नावावरून त्याने एक क्रियापदच बनवले. थंडीत गारठत, अवघडून, कॅमेऱ्यापुढे उभे राहणे असा त्याचा अर्थ होता!

केप इव्हान्स येथे लाकडी घर उभे राहिले, तेव्हा त्यात पाँटिंगला चित्रे धुण्यासाठी एक अंधारखोली मिळाली. ती अवघी आठ फूट लांब व सहा फूट रुंद होती. तो तेथेच काम करी आणि तेथेच झोपे. बाहेरच्या कामाची कथा निराळी. पारा शून्याच्या खाली तीस-चाळीस अंश गेला, की कॅमेऱ्याच्या धातूला उघडे बोट लावणे म्हणजे चटका बसल्यासारखे होई. फिल्म इतकी कडक होई, की काचेसारखी मोडे. भिंगावर चुकून श्वास पडला तर त्याचा पातळ बर्फ होई. कॅमेरा ऊबदार घरात आणला, की त्यावर दव साठून तो आतबाहेर ओलाचिंब होई. म्हणून यंत्रे बाहेरच ठेवावी लागत आणि पट्ट्या हळूहळू ऊबेत आणाव्या लागत. एकदा चित्र नीट जुळवताना ओठ ओले करण्यासाठी त्याने जीभ बाहेर काढली. ती धातूला लागली आणि तत्क्षणी चिकटली. झटका देऊन तिला सोडवताना टोकाचे कातडे कॅमेऱ्यावरच राहिले.

एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तेथे सूर्य उगवत नाही. त्या चार महिन्यांच्या रात्रीतही पाँटिंग स्वस्थ बसला नाही. किनाऱ्यापासून जवळच एक विलक्षण हिमनग थिजून उभा होता. त्याला बुरूज होता, तट होता, कमानही होती. एखादा जुना भुईकोट किल्लाच वाटे. त्याला सर्वांनी दुर्ग हेच नाव दिले होते. जून महिन्यात, भर काळोखात, पाँटिंगने मॅग्नेशियमची भुकटी पेटवून तिच्या लखलखाटात या दुर्गाचे चित्र घेतले. पुढे १७ सप्टेंबर रोजी, सूर्य परतल्यावर, त्याच दुर्गापुढे कुत्र्यांची घसरगाडी उभी करून त्याने आणखी एक चित्र घेतले. शिवकाळातील आपले किल्ले तीनशे वर्षांनंतरही, पडझड होऊन का होईना, जागच्या जागी आहेत. या दुर्गाला मात्र पायाच नव्हता.

तेथील बर्फावर किती भरवसा ठेवावा, हे सर्वांना एका घटनेने शिकवले. एरेबस या ज्वालामुखीच्या उतारावरून आलेली एक हिमनदी समुद्रात कित्येक मैल जिभेसारखी पुढे गेलेली होती. नकाशावरची ती पक्की खूण होती. इतकी पक्की, की मोहिमेतील लोकांनी तट्टांसाठी आणलेल्या गवताच्या गठ्ठ्यांचा साठा तिच्यावर करून ठेवला होता. १९११ च्या मार्च महिन्याच्या आरंभी वादळ झाले आणि त्यात या जिभेचा सुमारे दोन मैल लांबीचा तुकडा तुटून नाहीसा झाला. तो कोठे गेला हे कळेना. नोव्हेंबरमध्ये टेलर आपल्या तुकडीसह सामुद्रधुनीच्या पश्चिम किनाऱ्याने पाहणी करीत चालला होता, तेव्हा जुन्या जागेपासून सुमारे चाळीस मैलांवर त्याला तो तुकडा दिसला. गवताचे गठ्ठे त्याच्यावर तसेच होते! पुढे ही जीभ पुन्हा वाढली आणि १९९० साली तिचा मोठा भाग पुन्हा तुटला. हिमनदीचे तुटणे हा तिच्या वाहण्याचाच भाग आहे. मागून बर्फ येत राहिले तर ती टिकते. अलीकडच्या काळात पृथ्वीवरील उष्णता वाढली आहे आणि जगातील बहुतेक हिमनद्यांना जितके बर्फ मिळते त्यापेक्षा अधिक त्या गमावत आहेत, ही गोष्ट वेगळी आणि अधिक काळजीची आहे.

हिवाळ्याच्या रात्री पाँटिंग आपल्या सोबत्यांना जादूच्या कंदिलाने जपान व ब्रह्मदेश यांची चित्रे दाखवी. बाहेर हिमवादळ घोंगावत असता आत भिंतीवर फुललेली चेरीची झाडे पाहून त्या माणसांना केवढा विरंगुळा वाटत असेल! स्कॉट, बॉवर्स आदींना तो छायाचित्रण शिकवी. ध्रुवापर्यंत तो स्वतः जाणार नव्हता. तेथील चित्रे त्याच्या शिष्यांनीच घ्यावयाची होती. दुरून दोरी ओढून स्वतःचेही चित्र कसे घ्यावे, ही युक्ती त्यांना शिकवण्यात आली.

मोहीम निघण्यापूर्वी त्याने आणखी एक काम करून घेतले. प्रवासात मुक्काम कसा पडतो, तंबू कसा उभारतात, चुलीवर अन्न कसे शिजवतात, झोपण्याच्या पिशवीत कसे शिरतात, हे सर्व त्याने चलच्चित्रात टिपून ठेवले. त्यासाठी स्कॉट, विल्सन, बॉवर्स व एडगर इव्हान्स हे चौघे कॅमेऱ्यापुढे तंबूत बसले. ते हसतात, पातेल्यातले जेवतात, मोजे बदलतात. १ नोव्हेंबर १९११ रोजी स्कॉट दक्षिणेकडे निघाला. पाँटिंगने घसरगाड्या दूर जाताना टिपल्या आणि तो आपल्या पेंग्विन पक्ष्यांकडे वळला. आधी ठरल्याप्रमाणे १९१२ च्या मार्चमध्ये टेरा नोव्हा जहाजाने तो परत निघाला. स्कॉट ध्रुवावरून अद्याप परतला नव्हता, परंतु कोणाला विशेष चिंता वाटत नव्हती.

स्कॉट आणि त्याचे चार सोबती १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचले होते. नॉर्वेचा आमुंडसेन त्यांच्या आधी पाच आठवडे तेथे येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर इव्हान्स वारला. ओट्स वादळात निघून गेला. उरलेले तिघे मार्च महिन्याच्या अखेरीस तंबूत मरण पावले. पाँटिंगला ही वार्ता इंग्लंडमध्ये १९१३ च्या फेब्रुवारीत, जगाबरोबरच कळली. त्याच्या चित्रपटातील तंबूत बसलेले चौघेही ध्रुवावर गेलेल्या पाच जणांत होते. शोधपथकाला त्या शेवटच्या तंबूत छायाचित्रांची फिल्मही मिळाली. ती केप इव्हान्स येथील अंधारखोलीत धुतली गेली. तिच्यात पाचही जण ध्रुवावर उभे आहेत, चेहरे थकलेले आहेत आणि बॉवर्सच्या हातात कॅमेऱ्याची दोरी आहे.

शोधपथकाने तंबू मृतांवर तसाच उतरवला आणि त्यावर बर्फाचा ढीग रचला. तो जमिनीवर नव्हे, समुद्रावर पसरलेल्या प्रचंड तरंगत्या हिमपठारावर आहे. तेव्हापासून त्यावर हिम साचत गेला आहे आणि पठार हळूहळू समुद्राकडे सरकत आहे. कधी तरी ते कडेशी पोहोचेल आणि तेथून सुटणाऱ्या हिमनगाबरोबर तो तंबूही जाईल.

यापुढील पाँटिंगचे आयुष्य त्या एकाच मोहिमेभोवती फिरत राहिले. १९१३ च्या अखेरीस लंडनमध्ये त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. १९१४ मध्ये तो चित्रपट दाखवून व्याख्याने देऊ लागला. राजवाड्यात राजालाही त्याने तो दाखवला. मग महायुद्ध सुरू झाले आणि प्रेक्षक ओसरले, पण फ्रान्समधील आघाडीवर तो चित्रपट सैनिकांना दाखवण्यात आला. त्याने १९२१ मध्ये मोहिमेवर ग्रंथ लिहिला. १९२४ मध्ये चित्रपट नव्याने जुळवला आणि बोलपटांचे युग आल्यावर १९३३ मध्ये त्याला स्वतःच्या आवाजाची जोड दिली. हा ठेवा सरकारने राष्ट्रासाठी विकत घ्यावा अशी त्याची फार इच्छा होती. ती पुरी झाली नाही. लहान प्रक्षेपक यंत्रासारखे काही शोधही त्याने लावले, पण धंद्याचे गणित त्याला कॅलिफोर्नियात साधले नव्हते, ते लंडनमध्येही साधले नाही. ७ फेब्रुवारी १९३५ रोजी लंडन येथे तो मरण पावला, तेव्हा त्याच्यावर कर्ज होते.

टेरा नोव्हा जहाज १९४३ साली ग्रीनलंडजवळ बुडाले. पाँटिंगची हजाराहून अधिक ऋणचित्रे २००४ साली केंब्रिज येथील ध्रुवसंशोधन संस्थेने मिळवली. त्याचा १९२४ चा चित्रपट जुन्या प्रतींवरून दुरुस्त करून २०१० साली पुन्हा पडद्यावर आला. मूळ प्रतीप्रमाणे प्रसंगानुरूप रंगछटा त्याला पुन्हा दिलेल्या आहेत. त्यात स्कॉट, विल्सन, बॉवर्स आणि इव्हान्स एका लहानशा तंबूत दाटीने बसून आपले पातेले पुसून पुसून खाताना दिसतात.